दोन चमचे औषध

डिसेंबरातल्या एका पहाटे आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरात कुत्रं शिरलं असं मला वाटलं. भुंकणं अगदी जवळून आलं, आधी एकदा, मग लागोपाठ तीनदा. मी दिवा लावला. कुत्रं नव्हतं. माझी एकवीस महिन्यांची मुलगी मीनू पलंगावर उठून बसली होती आणि तो आवाज तिच्या गळ्यातून येत होता.

आदल्या दिवशी तिला साधं पडसं होतं, अंग किंचित कोमट. आता खोकल्याची उबळ संपली की ती श्वास आत ओढायची आणि तेव्हा एक बारीक, कर्कश सूर निघायचा, बिजागरीत तेल नसलेल्या दारासारखा. मी तिला खांद्यावर घेऊन फिरवलं. हळूहळू ती निवली. उजाडलं तेव्हा ती पोळीचा तुकडा हातात धरून घरभर फिरत होती. आवाज तेवढा बसला होता.

डॉक्टर या आजाराला क्रूप म्हणतात, हे मला त्या सकाळी माहीत नव्हतं. श्वासनलिकेचं वरचं तोंड आतून सुजतं, लहान मुलांत ती वाट मुळातच अरुंद असते, म्हणून ज्या सुजेने मोठ्यांचा नुसता घसा बसतो तिच्यात लहान मूल गुदमरतं. तो अंधार पडल्यावर वाढतो आणि दिवसा फसवतो, हेही मला माहीत नव्हतं. माहीत नसण्याची मला फारशी लाज वाटत नाही. नंतर मी जे केलं आणि जे बोलले नाही, त्याची वाटते.

* * *

घरात आम्ही चौघं होतो. मीनूचे बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाळीवर जात. सासूबाई शेतीचं काम थोरल्या दिरांवर सोपवून नातीसाठी काटोलकडच्या गावातून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. आणि मी, सदर भागातल्या कॉन्व्हेंटात शिकलेली सून. मुळात मी कमी बोलते. मराठीत तर आणखी कमी बोलायचे, कारण लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माझ्या एका वाक्यावर जावा पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य हळूच बरोबर करून परत म्हटलं. ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या सकाळी मीनू पुन्हा दोनदा भुंकली तेव्हा त्या चुलीपाशी, म्हणजे आमच्या गॅसपाशी, चहा ओतत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, “हा खोकला बरा नाही वं सुनंदा. डॉक्टरले दाखवून येऊ.”

मी म्हटलं, संध्याकाळी जाऊ.

“संध्याकाळी काहून? पोट्टी का संध्याकाळची वाट पाहून राहिली?”

मनातलं उत्तर असं होतं की चार वाजता माझ्या शाळेतल्या दोन मैत्रिणी चहाला येणार होत्या. त्यातली एक लग्न होऊन परदेशी निघाली होती. माझ्या लग्नानंतर त्या आमच्या घरी प्रथमच येत होत्या. मी पडदे धुतले होते, शेजारणीकडून कपबश्या आणल्या होत्या. दुपारी सासूबाई दळण घेऊन गिरणीवर निघाल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, परत येईपर्यंत पाहुण्या आलेल्या असल्या तर मागच्या दाराने आलात तरी चालेल. चालेल, असं म्हटलं. त्यांनी मान हलवली.

त्या गेल्यावर मीनूचा खोकला पुन्हा सुरू झाला. मला तो आवाज त्या मैत्रिणींसमोर नको होता. एवढंच कारण. मी किती वेळा मनातल्या मनात दुसरं कारण शोधलं, तिला आराम पडावा, तिची झोप व्हावी. पण खरं कारण ते होतं.

ह्यांना कोळशाच्या धुळीने सतत खोकला असायचा. त्यांच्या लाल औषधाची बाटली मागच्या खोलीच्या खिडकीत असायची. लेबल इंग्रजीत होतं आणि मी ते पूर्ण वाचलं. त्यात कोडीन हा शब्द होता. शाळेत वाचनात माझा नेहमी पहिला नंबर असे. मी तो शब्द न अडखळता वाचला आणि पुढच्या ओळीवर गेले. मोठ्यांना दोन चमचे, असं लिहिलं होतं. लहान मुलांविषयी काही नव्हतं, म्हणजे मनाई नाही, असा अर्थ मी लावला.

साडेतीनला मी एक चमचा दिला. खोकला थांबेना, म्हणून जरा वेळाने दुसरा. चमचा बाटलीमागे ठेवून दिला आणि साडी बदलायला गेले.

* * *

मैत्रिणी आल्या. मीनू झोपली होती. मला फार बरं वाटत होतं; किती दिवसांनी मी भराभर बोलत होते, इंग्रजीत, हसत होते. सासूबाई पिठाचा डबा डोक्यावर घेऊन फाटकाशी आल्या, त्यांनी आत पाहिलं आणि वळसा घालून मागे गेल्या. लुगड्याला पीठ लागलेलं होतं. मैत्रिणीने विचारलं, बाई कोण? मी म्हटलं, ह्यांची आई. माझी सासू, असं नाही म्हटलं.

साडेपाचच्या सुमारास सासूबाई पुढच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पाहुण्यांसमोर त्या कधी येत नसत.

“सुनंदा, पोट्टी उठून नाही राहिली वं.”

मी मैत्रिणींना इंग्रजीत म्हटलं, विशेष काही नाही, आणि उठले.

मीनू उताणी झोपली होती. झोपेतही प्रत्येक श्वासाला तो दारासारखा सूर येत होता. गळ्याखाली जिथे दोन हाडं मिळतात तिथे श्वासागणिक खड्डा पडत होता. फ्रॉक वर केला तर बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. खोकला मात्र बंद झाला होता. मी तिला हलवलं, नावाने हाक मारली. तिने डोळे अर्धे उघडले आणि मिटले.

ज्या आया हे वाचत असतील त्यांना मी इथेच सांगते. तो सूर मूल रडताना किंवा धावताना आला तर एक गोष्ट. ते स्वस्थ पडलेलं असताना आला, गळ्याखाली खड्डा पडू लागला, तर घड्याळ बघू नका, निघा. आणि आवाज कमी होऊन मूल मलूल पडलं तर ते बरं वाटल्याचं लक्षण समजू नका. मी तसं समजले होते.

मैत्रिणी चहाचे कप तसेच ठेवून निघाल्या. त्यांच्यातली एक मोटारीने आली होती. तिने मोटार देऊ केली नाही आणि मी मागितली नाही. मागायची मला लाज वाटली. सासूबाईंनी कोपऱ्यावर जाऊन सायकलरिक्षा आणली.

हवा बोचरी होती. सासूबाईंनी मीनूला उभं धरून छातीशी घेतलं, डोक्याला फडकं बांधलं पण तोंड मोकळं ठेवलं. मी शाल तिच्या तोंडावर ओढायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. म्हणाल्या, राहू दे, जीव घाबरून राहिला तिचा. वाटेत तो सूर थोडा मऊ झाला. थंड, मोकळ्या हवेने सूज थोडी ओसरते आणि मूल उभं धरलं की श्वास सोपा होतो, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. सासूबाईंना कोणी सांगितलं नव्हतं.

* * *

सरकारी दवाखान्यातल्या मुलांच्या वॉर्डात एक पस्तिशीतले डॉक्टर होते. त्यांनी सासूबाईंना विचारलं, केव्हापासून? सासूबाई सांगू लागल्या आणि मी मध्येच इंग्रजीत उत्तर दिलं. तेव्हापासून ते माझ्याशीच बोलू लागले.

त्यांना आधी घटसर्पाची शंका होती. त्रिगुणी लस दिली आहे का, विचारलं. दिली होती, तारखा मला पाठ होत्या. त्यांना ते आवडलेलं दिसलं. मीनूला बसतं धरून त्यांनी दिव्याच्या प्रकाशात घसा पाहिला, अगदी क्षणभर, जीभ फार न दाबता. घटसर्पात घशात धरतो तो पांढुरका पडदा नव्हता. म्हणाले, क्रूप आहे. मग त्यांनी मीनूच्या पापण्या वर करून डोळ्यांत उजेड टाकला. दुसऱ्यांदा टाकला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. आणि माझ्याकडे न बघता सासूबाईंकडे वळले.

“आजी, बोंड दिलं का हिला? अफू?”

बोंडाविषयी इथे सांगायला हवं. खसखशीचं बोंड पाण्यात उकळून ते पाणी बाळाला पाजायचं, म्हणजे आईचं निंदण होईस्तोवर बाळ बांधावर झोपून राहतं, ही आमच्याकडच्या खेड्यांतली जुनी रीत. सासूबाईंची पहिली मुलगी तशीच झोपली आणि उठली नाही. बोंड त्यांच्या सासूने दिलं होतं. त्यानंतर झालेल्या चारही मुलांना सासूबाईंनी पाठीशी बांधून शेतात नेलं. हे मला ह्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. म्हणजे डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला तेव्हा मला हे सगळं माहीत होतं.

सासूबाई म्हणाल्या, “नाही जी. माह्या घरात बोंड येत नाही.”

“मी रागावणार नाही. किती दिलं आणि केव्हा दिलं, एवढंच सांगा.”

“नाही देलं जी, डॉक्टरसाहेब.”

सिस्टर जवळच वाफेची किटली लावत होत्या. त्या म्हणाल्या, “लपवू नका आजी. तुमच्यासारख्या रोज येतात इथं. देतात आणि मग नाही म्हणतात. पोट्टी हातची जाईल ना.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं, त्यांनी फक्त साक्षीसाठी पाहिलं, की तू तर घरात होतीस, तू सांग ह्यांना. मी मीनूच्या पायातला मोजा वर ओढला.

सिस्टरनी त्यांना बाहेर व्हरांड्यात बसायला सांगितलं. त्या गेल्या, पण दारातच उभ्या राहिल्या.

* * *

मी तेव्हा काय विचार करत होते हे प्रामाणिकपणे सांगायचं तर फार थोडं. औषध हे औषध असतं आणि अफू ही अफू, असं मला खरंच वाटत होतं. डॉक्टर अफूविषयी विचारत आहेत. मी अफू दिलेली नाही. तेव्हा हा प्रश्न माझा नाही. मनाने अशी वाट काढली होती. पण मग मी मोजा का ओढत बसले, याचं उत्तर त्या वाटेवर नाही.

मीनूला मच्छरदाणीसारख्या ओल्या चादरीखाली ठेवलं होतं, आत वाफ सोडली होती, नाकाशी ऑक्सिजनची नळी. डॉक्टर घड्याळ हातात धरून तिचे श्वास मोजत होते. मग त्यांनी सिस्टरना ट्रॉली आणायला पाठवलं आणि मला बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं: मुलगी झोपेत खोल जाते आहे. दोन शक्यता आहेत. एक, श्वास ओढून ओढून ती थकली आहे. तसं असेल तर गळ्याला खालून छिद्र पाडून नळी घालावी लागेल, आत्ता, थांबता येणार नाही. दुसरी, म्हातारीने काही दिलं आहे आणि ती गुंगी आहे. किती दिलं, केव्हा दिलं हे कळलं असतं तर मला काही काळ थांबून बघता आलं असतं. पण ती सांगत नाही. मी अंदाजावर थांबू शकत नाही.

त्यांनी माझ्या हातात संमतीचा कागद दिला. ह्यांची दुसरी पाळी होती. खापरखेड्याला निरोप पोचला होता की नाही कोण जाणे. सही मीच करायची होती. कागद इंग्रजीत होता. मी त्यातला शब्द न् शब्द वाचू शकत होते.

पेनाचं टोपण काढलं आणि मग मी बोलले. इंग्रजीत बोलले, अगदी हळू. मी सांगितलं की साडेतीनला मी तिला खोकल्याचं औषध दिलं, दोन चमचे, मोठ्यांचं. त्यांनी औषधाचं नाव विचारलं. मी सांगितलं.

ते म्हणाले, त्यात कोडीन आहे. कोडीन अफूपासूनच करतात, बाई. म्हणजे आजी खरं सांगत होत्या.

आणि त्यांनी दाराकडे पाहिलं. सासूबाई तिथे चौकटीला हात लावून उभ्या होत्या. आम्ही काय बोललो ते त्यांना कळणं शक्य नव्हतं. मी इंग्रजीत बोलले ते त्यासाठीच.

डॉक्टरांनी तास मोजले. म्हणाले, गुंगी आता उतरणीला लागायला हवी. मी तासभर थांबतो. ट्रॉली पलंगाशी आली, त्यावर पांढऱ्या कापडाखाली हत्यारं होती, आणि ते स्टूल ओढून चादरीच्या कडेशी बसले. एक तास ते उठले नाहीत. मधूनमधून मीनूच्या तळपायाला चिमटा काढत आणि तिला श्वास घ्यायला लावत. मी सही न केलेला कागद घडी घालून मुठीत धरला होता.

साडेसातच्या पुढे ती एकदा भुंकली. मग रडली. रडणं कसलं, नुसता फाटका वारा. पण डोळे उघडे होते आणि ते मला शोधत होते. डॉक्टर म्हणाले, आता हिला घ्या मांडीवर, पण रडू देऊ नका, रडली की श्वासनळी आणखी आवळते. मी तिला चादरीखालीच मांडीवर घेतलं. वाफेने माझी साडी ओली झाली, परदेशी जाणाऱ्या मैत्रिणीसाठी नेसलेली.

ट्रॉली परत गेली. सिस्टर जाताना पुढच्या पाळीच्या सिस्टरना सांगून गेल्या, सहा नंबरच्या खाटेच्या आजीला आत सोडू नका, अफू दिली होती. मी डॉक्टरांशी बोलले तेव्हा त्या ट्रॉली आणायला गेल्या होत्या, त्यांना खरं कळलंच नव्हतं. मी ऐकलं.

* * *

दवाखान्यात आम्ही चार दिवस होतो. त्या चार दिवसांत मला हे सांगायच्या किती संधी होत्या, त्या मी मोजल्या नाहीत, पण प्रत्येक आठवते.

शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई कामठीकडची होती. पहिल्या रात्री तिने आपली अर्धी सतरंजी मला दिली आणि सकाळी स्वतःच्या चहातला अर्धा चहा. आजारपणात लोक असे उगाच चांगले होतात. तीच मला म्हणाली, “म्हातारीनं बोंड देलं म्हणते. तुम्ही शिकलेल्या, तरी घरात चालतंच ना.” मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी तो ठेवू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आले, दुसरी आणि तिसरी पाळी लागोपाठ करून सरळ, कानामागे कोळशाची काळी रेघ तशीच. सिस्टरनी त्यांना आत घ्यायच्या आधीच सगळं सांगितलं. माझ्या खाटेच्या डोक्याशी खिडकी होती आणि खिडकीबाहेर व्हरांडा. मला त्यांचा आवाज ऐकू आला.

“माय, खरं सांग. देलं का तू?”

थोड्या वेळाने डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. त्या त्यांना म्हणाल्या, जेवून घे, पाळीवरून आला.

ते जेवले नाहीत. आत आले, मीनूच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले, आणि मला म्हणाले की तू घाबरू नको, मी मायला गावी पोचवून देतो. मी म्हटलं, आत्ता नको. एवढंच म्हटलं. ते दोन दिवस आपल्या आईशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फेरीत विचारलं, घरी सांगितलं ना? मी म्हटलं, हो.

आणि सासूबाई व्हरांड्यात जिन्याजवळ बसून होत्या. सिस्टर त्यांना आत येऊ देत नव्हत्या. दिवसातून एकदा त्या नंदनवनला जाऊन स्वयंपाक करून डबा घेऊन यायच्या आणि आयाबाईच्या हाती आत पाठवायच्या. दुसऱ्या दिवशीच्या डब्यात मऊ भात होता, वर तुपाचा थेंब, आणि मीनूला भरवायला एक चमचा कागदात गुंडाळलेला. दांडा किंचित वाकलेला. आमच्या घरात तसा एकच चमचा होता आणि मी तो खिडकीत, बाटलीच्या मागे ठेवला होता. आता तो कुणीतरी घासून लखलखीत केलेला होता.

मी स्वतःला सांगितलं की योगायोग असेल. आणि त्याच चमच्याने मीनूला भात भरवला.

* * *

घरी आल्यानंतर पाच दिवस गेले. ह्यांनी गावाला पत्र टाकलं की थोरल्याने येऊन मायला घेऊन जावं. मी त्यांना ते पत्र टपालपेटीत टाकताना पाहिलं. त्या दुपारी सासूबाई ओट्यावर सुपात तुरीच्या शेंगा घेऊन सोले काढत होत्या. मीनू त्यांच्या मांडीला रेलून एकेक दाणा उचलून पुन्हा सुपात टाकत होती. मी समोर बसले आणि सांगितलं. सगळं, मैत्रिणींपासून. माझी मराठी जिथे अडली तिथे त्यांनी शब्द पुरवला नाही.

मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, “चमच्याले मुंग्या लागल्या होत्या.”

मग दोन शेंगा सोलून झाल्या.

“मले काहून सांगते वं? मी नाही देलं, हे मले मालूमच होतं. ज्याइले मालूम नाही त्याइले सांग.”

मी म्हटलं, तुम्ही का नाही बोललात, चमचा सापडल्यावर? त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

“माह्या सासूनं देलं होतं तवा मी बोलली होती. गावभर बोलली. म्हातारी झिजून मेली. बोलून पोट्टी थोडीच वापस येते. तुही पोट्टी तर आली.” मग सूप झटकत म्हणाल्या, “पण तू बोल. तुनं बोलाचं होतं ते.”

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. ते चपला न घालताच बाहेर गेले. मला वाटलं निघून गेले. खिडकीतून पाहिलं तर ओट्यावर आईच्या समोर बसून शेंगा सोलत होते. ते माझ्याशी त्यानंतर पुष्कळ दिवस मोजकं बोलले आणि मला त्याबद्दल तक्रार करता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी थोरल्याला, येऊ नको म्हणून, दुसरं पत्र गेलं.

* * *

पुढच्या आठवड्यात मीनूला दाखवायला बोलावलं होतं. निघताना सासूबाईंनी आपणहून चपला घातल्या. रिक्षात म्हणाल्या, “त्या दिवशी डॉक्टरले इंग्रजीत सांगतलं, तसं नोको.”

बाहेरच्या ओळीत बाकांवर दहाबारा आया होत्या, बहुतेक खेड्यांतून आलेल्या, पदराखाली मुलं. त्याच पहिल्या सिस्टर टेबलाशी चिठ्ठ्या देत होत्या. त्यांनी आम्हाला ओळखलं. मीनूकडे पाहून हसल्या, आणि मग सासूबाईंकडे पाहून बाकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “काय आजी, आता तर नाही ना देत?”

माझ्या तोंडात वाक्य इंग्रजीतच आलं होतं. मी ते गिळलं.

मराठीत मी म्हटलं की ह्यांनी काही दिलं नव्हतं. मी दिलं. मी हिची आई. मोठ्यांच्या खोकल्याचं औषध दिलं, त्यात अफूच असते, आणि मला ते वाचता येत होतं. आयांच्या माना माझ्याकडे वळल्या.

सिस्टर म्हणाल्या, “मग त्या दिवशी का नाही बोलल्या तुम्ही? चार दिवस मी यांना बाहेर बसवलं.”

“लाज वाटली,” मी म्हटलं.

“आणि यांना?”

सिस्टरनी चिठ्ठी बाजूला ठेवली, टेबलामागून बाहेर आल्या, माझ्या कडेवरून मीनूला घेतलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं. म्हणाल्या, चुकलं बरं आजी माझं. सासूबाई म्हणाल्या, तुमचं काय चुकलं जी, तुमाले दिसलं तसं बोललात. मीनूने त्यांच्या मानेत तोंड खुपसलं.

डॉक्टरांनी त्या दिवशी मला पुन्हा सगळं समजावलं आणि तेच मी इथे वरती जागोजागी लिहिलं आहे. मूल उभं धरा, रडवू नका, जबरदस्तीने जीभ दाबून घशात बघू नका. धुरी देऊ नका, खोली कोंडून ठेवू नका. झोप आणणारं काही देऊ नका, मग ते बोंडातून येवो की बाटलीतून. आणि दिलंच असेल तर डॉक्टर विचारतील तेव्हा सांगा, ते विचारायच्या आधी सांगा.

पण हे त्यांनी समजावलं ते नंतर. आधी, आमचा नंबर लागायच्या आत, बाकावरची एक बाई सरकून मला जागा देत म्हणाली, “ताई, कोणती बाटली? आमच्या घरी बी हाये एक, लाल. याच्या बापाची.” तिच्या मांडीवर वर्षाचं मूल होतं आणि त्याचं नाक वाहत होतं. मी रंग सांगितला, वास सांगितला, लेबलावर कोणता शब्द शोधायचा तो सांगितला. तिला वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, दुकानदाराला विचार, अफूवालं आहे का म्हणून. पलीकडच्या दोघी पुढे वाकून ऐकत होत्या.

तिने मुलाचं नाक पदराने पुसलं आणि विचारलं, “किती देलं होतं तुम्ही?”

सासूबाई मीनूला थोपटायच्या थांबल्या.

“दोन चमचे,” मी म्हटलं.